दोन एप्रिलपासून

श्रीरंगने कागद दोनदा वाचला. मग खिडकीजवळ नेऊन तिसऱ्यांदा वाचला.

शनिवार होता, सकाळचे साडेअकरा. उल्का पाव आणायला खाली गेली होती. हायडेलबर्गच्या विद्यापीठात ती व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतल्या मोलकरणींवर प्रबंध लिहीत होती: त्या काय पाहतात आणि कोणाला सांगतात. त्या काळी लंडनच्या घटस्फोट कोर्टात मोलकरणींच्या साक्षी होत. उल्काने त्यांची टिपणं काढली होती आणि असले कागद घरभर असत.

हाही तसाच दिसत होता. तिच्या अक्षरात, इंग्रजीत.

‘२ एप्रिल. साहेब बाहेरच्या खोलीत झोपले. ९ एप्रिल. तसेच. बाईसाहेबांशी बोलणे नाही. २० एप्रिल. पाहुण्यांसाठी एका टेबलावर जेवले. नंतर बाईसाहेबांनी आपल्या खोलीचे दार लावून घेतले.’

त्याने कागद परत फायलीत घातलाही असता. पण शेवटची नोंद होती: ‘४ मे. साहेबांनी आपले कपडे वेगळे धुतले. साठ अंशांवर.’

या घरात मशीन साठ अंशांवर तोच लावायचा. उल्का चाळीसच्या वर जात नसे.

दार उघडलं. उल्काने त्याच्या हातातला कागद पाहिला, बूट काढले आणि नीट जोडीने ठेवले.

“हे काय आहे?”

“प्रबंधाचं.”

“अच्छा. अठराशे साठ साली वॉशिंग मशीन होतं?”

तिने पावाची पिशवी टेबलावर ठेवली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. श्रीरंगची आई, शुभदाबाई, आत होत्या. मार्चच्या सुरुवातीला पुण्याहून आल्या होत्या. येत्या शुक्रवारी परतणार होत्या. दोघांनीही आवाज खाली आणला.

“वकीलबाईंनी लिहायला सांगितलं,” उल्का म्हणाली. “घटस्फोटाआधी इथे वर्षभर वेगळं राहावं लागतं. ट्रेनुंग्सयार. घर एक असलं तरी चालतं. झोपणं, खाणं, धुणं वेगळं हवं. आणि कुठल्या तारखेपासून, ते सांगावं लागतं.”

“म्हणून तू मोलकरीण झालीस?”

“तू माझे कागद चाळतोस. प्रबंधाचे तेवढे सोडून देतोस.”

श्रीरंगने फाईल मिटली. मग म्हणाला, “मी बाहेर झोपतो कारण माझे अमेरिकेचे कॉल असतात.”

“शनिवारी, रविवारीसुद्धा?”

“मी वकिलाला सांगेन, वेगळं वगैरे काही नव्हतं. आई आल्यापासून रोज एका टेबलावर जेवतोय. एका गाडीतून किराणा आणतोय. मग?”

“मग हे लांबत जाईल. अजून एक वर्ष, कदाचित जास्त.” तिने खुर्चीची पाठ धरली. “पुढच्या एप्रिलात मला लायप्झिगची नोकरी आहे. मला इथलं संपवून जायचंय, श्रीरंग. अर्धवट ठेवून नाही.”

“तर सिद्ध कर. तुझ्या कादंबऱ्यांत मोलकरणी असतात. आपल्याकडे कोण आहे? आई?” तो हसला. रोज सकाळी सहाला तो पांघरूण घडी करून सोफ्याच्या खणात टाकत असे. आई उठायची साडेसहाला. “विचार तिला. सांगेल, किती छान राहतो आपण.”

गॅसचं बटण बंद झाल्याचा आवाज आला. शुभदाबाई नॅपकिनला हात पुसत बाहेर आल्या. काही न विचारता त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. श्रीरंगने थोडा वेळ घेतला, पण दिला. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“दोन एप्रिल चूक आहे.”

“बघ,” श्रीरंग उल्काला म्हणाला.

“सतरा मार्च,” शुभदाबाई म्हणाल्या. “संकष्टी होती. तुमच्याकडे चंद्र सव्वादहापर्यंत उगवत नाही, म्हणून मी दिवा मालवून खिडकीशी बसले होते. दार किलकिलं होतं. हा उशी-पांघरूण घेऊन बाहेर गेला. म्हटलं, भांडण असेल, दोन दिवसांत मिटेल. तेव्हापासून रोज सहाला तो खण वाजतो. मी अर्धा तास तशीच पडून राहते.”

उल्का खुर्ची ओढून बसली.

“दोन एप्रिलपर्यंत मला ते कॉल खरे वाटत होते,” उल्का हळू आवाजात म्हणाली.

“आई, तू यात पडू नकोस,” श्रीरंग म्हणाला. “ही काय लिहितेय, कशासाठी लिहितेय, तुला कळलंय का?”

“कळलंय. मी पडत नाहीये, पाहिलं ते सांगतेय.”

त्यांनी टेबलावरचं पेन घेतलं, तारीख एका रेघेत खोडली, वर नवी लिहिली आणि कागद उल्कासमोर ठेवला. मग आत जाऊन दोन ताटं घेऊन आल्या. एक उल्कापुढे मांडलं, एक स्वतःपुढे.

श्रीरंग उभाच होता.

“भात झालाय,” त्या म्हणाल्या. “तुझं तू वाढून घे.” आणि उल्काकडे वळल्या. “हेही लिही.”