विनयाला किती शब्द

“एकदा नवऱ्याचं नाव घे की गं, वैजयंती. एवढ्यावर तो राहायला तयार आहे,” पंचाक्षरी मास्तर म्हणाले.

सुनेनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला, त्यांचं बोट कपाच्या कानाला लावून दिलं आणि ती आत गेली. काचबिंदूनं मास्तरांचे दोन्ही डोळे नेले होते. तेव्हापासून ती हे असंच करायची, न सांगता.

त्यांचा एकुलता एक मुलगा शिवराज बऱ्याच वर्षांनी परत आला होता. भवानी पेठेतल्या घराच्या दारात एका दुपारी उभा राहून ‘अप्पा’ म्हणाला, आणि मास्तर लहान पोरासारखे रडले. आवाज घोगरा झाला होता. पोरगा वाळलाय, दाढी वाढवलीय, असं शेजारी सांगत होते. हा नक्की तोच का, अशी थोडी कुजबुजही झाली. पण वैजयंतीनं मुकाट्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तेव्हा गल्लीनंही त्याला ओळखलं. बायकोपेक्षा जास्त कोण ओळखणार?

आता तो जातो म्हणत होता.

“ती माझ्याशी बोलत न्हाय, अप्पा. वर बघत न्हाय. पावण्यासारखा किती दिस ऱ्हाऊ?”

“तो विनय आहे रे,” मास्तर म्हणाले. जन्मभर मराठी शिकवलेलं, त्यामुळं त्यांना राहवेना. “आपल्याकडं विनयाला किती शब्द आहेत बघ. मान वाकते ती नम्रता. मन मागं सरतं तो संकोच. रेष ओलांडत नाही ती मर्यादा. दुसऱ्याला उघडं पाडत नाही ती भीड. आणि हे सगळं मिळून शालीनता. माझ्या सुनेत यातलं एकही कमी नाही.”

“मला यातलं काय बी नको. बोलली म्हंजे झालं.”

मास्तर हसले. पण पोरगा पुन्हा गेला तर तो परत येईपर्यंत आपण असणार नाही, हे त्यांना कळत होतं.

तसा शिवराज पूर्वी तापट. एकदा हातमागावरून उठून त्यानं आडवं सूत ओवायचा लाकडी धोटा फेकून मारला होता. वैजयंतीच्या कपाळाला टाके पडले, तरी तिनं ब्र काढला नाही. मास्तरांनी तेव्हाही शालीनताच म्हटलं होतं. पुढं ते बहिणीकडं, दाक्षायणीकडं मैंदर्गीला राहून आले, तोवर शिवराज निघून गेला होता. “भांडून गेले,” एवढंच ती म्हणाली होती. तिच्या हातातल्या बांगड्या तेव्हापासून वाजायच्या थांबल्या. तो परत आल्यावरही वाजल्या नाहीत. मास्तरांनी विचारलं तर म्हणाली, “घालीन की, मामा.”

त्याच सुमारास तिनं माग काढून ठेवला होता. विणकर पाय सोडून बसतो तो खड्डा भरून घेतला आणि वर शहाबादी फरशी बसवली. दर सोमवारी ती त्या फरशीवर बेल वाहायची. मास्तर दारातून जाताना पुटपुटणं ऐकायचे. ज्या जागेनं अन्न दिलं तिची आठवण ठेवणारी सून मिळाली, म्हणून त्यांना बरं वाटायचं. परत आलेल्या नवऱ्याशी ती एकच वाक्य बोलली होती, तेही याच जागेवरून. “तितं पाय नका देऊ.”

मागच्या आठवड्यात शेजारचे मडिवाळप्पा वारले. शिवराज त्यांच्या दारात गेला आणि जमलेल्यांना म्हणाला, “लाकडं आणाया कोन गेलंय?”

“लाकडं?” कुणीतरी म्हणालं. त्यांच्या समाजात मयताला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, विभूती घालतात, बेल ठेवतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. मास्तर काठी टेकत पुढं सरकले.

तेवढ्यात मागून वैजयंतीचा आवाज आला. “लई वर्सं बाहेर काढलीत त्यांनी. ध्यानात न्हाय ऱ्हायलं.”

लोकांनी मान डोलावली. घरी येताना मास्तरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. नवऱ्याची चूक अशी झाकणारी बाई त्याला नको कशी म्हणेल?

म्हणूनच त्यांनी हा घाट घातला. माग पुन्हा बसवायचा. हातमागावरची साडी आता लोक शोधत येतात. शिवराज आधी नको म्हणाला, हात विसरलेत म्हणाला. पण मास्तरांनी हट्ट धरला. फरशी उचलायच्या आधी सुनेनं नवऱ्याचं नाव घ्यायचं, उखाणा नको, साधं नाव. तिनं घेतलं तर तो राहणार, नाही तर संध्याकाळच्या गाडीनं जाणार.

दुपारी शिवराजनं पहार आणली. मास्तर भिंतीला धरून मागाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. वैजयंती आत आली. पदर डोक्यावर ओढल्याची सळसळ त्यांनी ऐकली. ही खोली रिकामी असतानाही ती इथं पदर घेऊनच यायची.

“बोल बाई,” मास्तर म्हणाले. “म्हाताऱ्यासाठी बोल. मग तो कुठं जाणार नाही.”

फरशीच्या सांधीत पहारीचं टोक खरखरलं.

“ऱ्हाऊ दे, अप्पा,” शिवराज म्हणाला. “ती नाव घेयाची न्हाय.”

“घेते,” वैजयंती म्हणाली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचा आवाज मास्तरांनी इतका मोकळा ऐकला नव्हता. “पहार ठेवा, पावणं. खाली शिवराज बसलेत. विभूती घालून, रीतीनं, मीच बसवलंय.”