खोल ठोकलेला खिळा

ॲमेझॉनच्या रानात दोन सारखीच झाडं शेजारी होती, पण २१४ नंबरचा पत्रा एकावरही दिसेना. नॉर्वेहून आलेली संशोधक रान्हिल्ड हवालदिल झाली. “जुवेनालकाका, त्या झाडाने हवेतला किती कार्बन ओढला ते सहा देश मिळून तीस वर्षं मोजताहेत. झाडच हरवलं तर मेहनत पाण्यात.” म्हातारा वाटाड्या जुवेनाल दोन्ही खोडं चाचपत राहिला. एका उंचवट्यापाशी थांबून त्याने कोयत्याने साल खरवडली. आत पत्रा चमकला. “झाडाने गिळला की,” ती हसली. “खिळा अर्धा बाहेर ठेवायचा असतो. कुठल्या शहाण्याने पुरता ठोकला?” “मीच तो शहाणा. झाडतोड सोडून नुकताच तुमच्यात आलो होतो. पडलेलंच लाकूड ठाऊक, पोरी. उभं असलेलं जाड होत जातं हे कुठे माहीत?” तिने हातोडी पुढे केली. नवा खिळा ठोकताना त्याने झाडाला वाढायला दोन बोटं जागा सोडली.