रिकामं गोदाम

"चोरी झाली की काय गं?"

गोदामाच्या दारातच दादा थबकला. पाय मोडल्यामुळे अडीच महिने घरी काढून, प्लास्टर निघाल्यावर तो आज आपल्या कारखान्यात आला होता. जाताना त्याने हे गोदाम प्रोसेसर आणि मदरबोर्डच्या खोक्यांनी गच्च भरून धाकट्या बहिणीच्या ताब्यात दिलं होतं. आता छतापर्यंत नुसते रिकामे रॅक उभे होते.

"चोरी कसली? सगळं वापरलं," बहीण म्हणाली. "आता रोज सकाळी ट्रक येतो. त्या दिवशी जेवढे कॉम्प्युटर जोडायचे, तेवढेच सुटे भाग आणतो."

"आणि एखाद्या दिवशी आलाच नाही तर?"

पूर्वी एकदा भाग मिळाले नाहीत म्हणून आठ दिवस काम ठप्प झालं होतं. वीस माणसं हातावर हात ठेवून बसली होती. ते दादा विसरला नव्हता.

"माझी पाठ वळली आणि तू खेळखंडोबा करून ठेवलास! उद्यापासून पुन्हा साठा भरायचा."

बहीण तोंड उघडणार, तेवढ्यात फोन वाजला. एका मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी अधिकारी बाई बोलत होत्या. बहिणीने स्पीकर लावला. त्याच सकाळी बाजारात नवा प्रोसेसर आला होता, जुन्याच्या दुप्पट वेगाचा. तो बसवलेले तीनशे कॉम्प्युटर बाईंना हवे होते.

"तीन कारखान्यांना विचारून झालं. सगळे म्हणतात, आधी आमचा जुना माल खपू दे, दोन महिने थांबा. तुमच्याकडे किती आहे जुना माल?"

दादाने रॅककडे पाहिलं. मग बहिणीकडे.

"एकही नाही!" बहीण म्हणाली. दुसऱ्या मोबाइलवरून तिने पुरवठादाराला फोन लावलासुद्धा. "उद्याच्या ट्रकमध्ये नवे प्रोसेसर आणि त्यांचे मदरबोर्ड मिळतील?"

"मिळतील की, ताई! पहिली मागणी तुमचीच."

रोजचे तीस कॉम्प्युटर, म्हणजे दहा दिवस. तिने दादाला दोन्ही हातांची बोटं दाखवली. दादाने बाईंचा फोन ओढून घेतला.

"सहा दिवसांत देतो, बाई!"

"दादा! अरे, कसं शक्य आहे?"

दादा केव्हाच लंगडत गोदामात शिरला होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं मोजत तो ओरडला, "माणसांचं मी बघतो. तू आधी हे रॅक काढ, इथे जोडणीची दुसरी लाइन बसवायचीय!"