मॅडमचा काटा

आसगावात भावनाचा तो बाविसावा दिवस होता. संशोधनाचं काम तसं सोपं: पाजण्याआधी बाळ वजनकाट्यावर ठेवायचं, पाजून झालं की पुन्हा ठेवायचं. जेवढं वजन वाढलं तेवढं दूध पोटात गेलं. पण गावातल्या जवळजवळ प्रत्येक आईचं दूध कमीच भरत होतं. भावनाचे आकडे ऐकून सहा-सात घरांत दुधाच्या पावडरचे डबेही आले होते. काटा खांद्यावर वाहून आणि तेच वाईट उत्तर दारोदार सांगून ती पार थकून गेली होती.

आज तर रुपाचं बाळ पाजल्यावर दहा ग्रॅम हलकंच भरलं.

"मी तं म्हणतच होती, डबा आना," रुपाची सासू गोदावरीबाई म्हणाली. रुपानं मान खाली घातली.

दूध पिऊन बाळ हलकं कसं होईल? भावनानं काट्यावरच्या बाळाकडे नीट पाहिलं.

"काकू, मघाशी याचा लंगोट पिवळा होता ना?"

"पिता पिताच मुतला तो. मंग म्या बदलवला. ओलं लेकरू तुमच्या काट्यावर कसं ठेवाचं?"

अंगणातल्या दोरीवर पिवळा लंगोट वाळत होता. काट्यावर यायला हवं होतं ते सगळं वजन त्यातून टपटप गळत होतं.

"रोजच बदलवता?" भावनानं विचारलं.

 

"मंग! गावात एका तरी घरी तुमचा काटा ओला झाला का, सांगा? साऱ्या बायांले मीच बजावून ठेवलं हाये."