तिसरा ग्लास

दाजींनी लोखंडी पकड गोदामवाल्याच्या तोंडावर हाणली, तेव्हा मेहुण्याच्या हातातला ग्लास कलंडता कलंडता वाचला.

"सांडू नकोस," दाजी म्हणाले. "एकेकच भरलाय."

बर्बन, म्हणजे मक्याची व्हिस्की, चाखायची ही खोली. एरवी इथे मोठ्यानं बोलायची बंदी. अत्तर लावून आलेल्याला तर दाजी दारातूनच परत पाठवायचे. आज भिंतीपाशी गोदामवाला खुर्चीला बांधलेला होता. तोंडात कापडाचा बोळा कोंबलेला, आणि बोळ्याच्या कडेनं रक्त ओघळत शर्टावर येत होतं.

दाजींच्या कारखान्यात साधीसुधी, रोज प्यायची बर्बन बनायची. स्वस्त, पण टाकाऊ नव्हे. "कामावरून दमून आलेल्या माणसाला परवडली पाहिजे, आणि उद्या परत घ्यावीशी वाटली पाहिजे," असं दाजी सगळ्यांना ऐकवायचे. ते जमायचं गोदामाच्या कुलूपबंद कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी पिंपांच्या जिवावर. नव्या मालात त्यातलं थोडं मिसळलं की घसा जळायचा थांबे. किती मिसळायचं ते मेहुणा ठरवायचा. ताईचा भाऊ म्हणून नव्हे हं, त्याची जीभच तशी होती.

आणि त्यानंच मागे दाजींना सांगितलं होतं, "माल पातळ लागतोय. अंग राहिलं नाही त्याला." दाजींनी कोपरा तपासला. एक पिंप निम्मं झालेलं. आणि ते दुसरं, भरण्याआधी आतून एकदाच जाळायचं ते पिंपवाल्याच्या गलथानपणामुळे दोनदा जाळलं गेलेलं, म्हणूनच ज्याचा माल जगावेगळा उतरला होता, ते ठणठणीत कोरडं! कोपऱ्याच्या किल्ल्या दोघांकडेच. एक गोदामवाल्याकडे, एक मेहुण्याकडे.

कशाला बोललो मी, असं मेहुण्याला आता राहून राहून वाटत होतं.

"नीट ऐक," दाजी म्हणाले. "दोन ग्लास बाजारातले. एक ह्याच्या घरात सापडलेल्या बाटलीतला. आपला माल निघाला, तर ह्याची बोटं गेली. नाही निघाला, तर सोडतो. तुझ्या शब्दावर सगळं."

"दाजी, पोलिसांकडे द्या की त्याला."

"चाख म्हटलं ना!"

मेहुण्यानं पहिला ग्लास नाकाशी नेला, घोट तोंडात फिरवला आणि बादलीत थुंकला. "बाजारातली. कच्ची आहे. घशाआधी नाकात जाते."

दाजींनी गोदामवाल्याच्या नडगीवर लाथ घातली. खुर्ची भिंतीवर आपटली. बोळ्यामागून गुरासारखा आवाज आला.

"मी बाजारातली म्हणालो, दाजी!"

"ऐकलं. ही अशीच. दुसरा घे."

दुसरी नुसती गोडगोड होती. "वरून साखर ओतल्यासारखी. एक दिवस बरी वाटेल. रोज नाही पिववणार."

तिसरा ग्लास तोंडापर्यंत न्यायचीही गरज नव्हती. आधी मक्याचा गोडवा, मग भाजलेलं लाकूड, मग सावकाश चढणारी ऊब. निम्म्या झालेल्या पिंपातलीच ही. झोपेत उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

म्हणजे चोर हाच. मेहुण्याला चीड आली. पण खुर्चीच्या हातावर ती बोटं पसरलेली होती, आणि गोदामवाल्याचे डोळे त्याच्यावर खिळले होते. मेहुणा कामासाठी परगावी असताना त्याची आई दवाखान्यात गेली, तेव्हा तिच्या उशाशी हाच माणूस बसला होता. शेवटचं पाणी ह्याच बोटांनी पाजलं. आणि दाजी नुसती धमकी देणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी हात मोडलेल्या ड्रायव्हरच्या शर्टाची बटणं आजही त्याची बायको लावून देते.

मेहुणा आयुष्यात पुष्कळदा खोटं बोलला होता. ताईशी, डॉक्टरशी, स्वतःशीही. ग्लास हातात असताना मात्र कधीच नाही.

त्यानं तरी घोट घेतला आणि थुंकला. "हीपण बाजारातलीच."

"नक्की?"

"बरी आहे. पण आपली नाही."

दाजी मटकन स्टुलावर बसले.

"ह्याच्या घरात बाटलीबिटली काही सापडली नाही," ते म्हणाले. "तिसरा ग्लास मी सकाळी माझ्या हातानं काढला. त्या निम्म्या पिंपातून."

मेहुण्यानं ग्लास टेबलावर ठेवला.

"किल्ल्या दोन. दोघंही म्हणता, मी नाही. मी ह्याला म्हटलं, माझा मेहुणा खोटं बोलत नाही. तर हा म्हणाला, बोलतो. ग्लास समोर असतानाही बोलतो, पाहा हवं तर. मला बांधा, खरंखुरं मारा, आणि बघा." दाजींचा आवाज फाटला. "खोटं बोललास, म्हणजे पिंपंही तूच उपसलीस. मी तुझ्यावर पैज लावली होती रे!"

"त्याची बोटं वाचवायला बोललो मी, दाजी! आईशपथ!"

"आता शपथा घेतोस? तुझ्या ताईला काय सांगू मी?"

मेहुणा दाराकडे धावला. दाजींनी त्याला मानगुटीला धरून टेबलावर आपटलं. ग्लास फुटले, काचा गालात शिरल्या. गुडघा पाठीत रोवून त्यांनी त्याचे हात पिरगळले, एक खांदा निखळेपर्यंत.

"बोटं राहू देत," दाजी गोदामवाल्याला म्हणाले. "जीभ काढ."

गोदामवाल्याचे हात सैलच बांधलेले होते. त्यानं दोरी झटकली, बोळा उपसून फेकला, आणि तुटलेला दात जमिनीवर थुंकला. मग पकड उचलून तो लंगडत आला आणि मेहुण्याच्या तोंडाशी वाकला.

"उघड, भावा," तो हळूच म्हणाला. "माराआधी मी दोन घोट घेऊन आलोय. तूही घेतले असतेस, तर बरं झालं असतं."

त्याच्या श्वासाबरोबर, रक्ताच्या वासाआडून, दोनदा जाळलेल्या पिंपाचा वास आला. मेहुण्यानं तो ओळखला, दाजींना सांगायला तोंड उघडलं, आणि पकड आत शिरली.