बेल बंद आहे

"अगं, ठरलं एकदाचं! हे शहर सोडायचं," मुद्रितशोधक म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. आवाज न करता.

बायको मिक्सरशेजारी उभी होती. ते चहा संपवून बाहेर फिरायला गेले की मगच तिला मिक्सर लावता यायचा. "बरं," ती म्हणाली. शहर सोडायचं ठरण्याची ही काही पहिली वेळ नव्हती.

मुद्रितशोधकांचा जन्म दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात गेला होता. त्यातून वेळ उरला की ते शहराच्या चुका काढत. खालचा सुतार रंधा मारायचा. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढायचं. रस्त्यात माणसं एकमेकांशी बोलायची, आणि वर हसायचीसुद्धा. घरातल्या घरात करता येण्यासारखे सगळे उपाय करून झाले होते. बायको मोजे घालून वावरायची. कामं करताना गुणगुणायची तिची सवय त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मोडली होती. दाराच्या बेलची वायर त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढली होती आणि खाली पाटी लावली होती, 'बेल बंद आहे. टिचकी मारावी.' टिचकी मारून कोण येणार? मेव्हणीनं यायचं सोडलं. समोरच्या काकू बायकोशी बोलायच्या त्या जिन्यात, तेही कुजबुजत. इतकं करूनही हे शहर सुधारायचं नाव घेईना.

काम घरबसल्या करण्यासारखं, त्यामुळे कुठंही जाऊन राहायला आडकाठी नव्हती. त्यांनी डोंगराच्या पायथ्याचं एक शहर हेरून ठेवलं होतं. तिथं म्हणे पान पडलं तरी ऐकू येतं.

"आपल्या स्वभावाला मानवणारं शहर आहे ते," ते म्हणाले. आपल्या म्हणजे कुणाच्या, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

बायकोची बहीण, मैत्रिणी, तिचं सगळं गणगोत याच शहरात होतं. पण तिनं वाद घातला नाही. "आधी तुम्ही एकटे जा, महिनाभर राहून बघा," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं? चुका काढाव्यात त्या तुम्हीच."

मुद्रितशोधक सुखावले. बायको इतकी समजूतदार असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बॅगही तिनंच भरली, तीसुद्धा त्याच संध्याकाळी. स्टेशनवर हात हलवताना तिचा चेहरा असा काही फुलला होता, की बिचारी रडू आवरतेय, अशी त्यांची खात्री पटली.

नव्या शहरात त्यांनी एका विधुर गृहस्थांच्या घरी खोली घेतली. पहिली संध्याकाळ अगदी स्वर्गीय गेली. पहाटे पक्ष्यांनी गलका केला. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्यांना काही सुचू देईना, म्हणून ते उतरवायला लावलं. घड्याळ गेल्यावर फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. फ्रिज रात्रीपुरता बंद झाल्यावर घरमालकांचं कुत्रं घोरतं, असं लक्षात आलं. दुसऱ्या आठवड्यात घरमालक स्वतःच्या घरात मोजे घालून वावरू लागले.

"इथंही तीच रड आहे गं," ते बायकोला फोनवर म्हणाले.

"घाई नका करू. माणूस कळायला वेळ लागतो, हे तर अख्खं शहर आहे. आणखी राहा."

"मागे कोण हसतंय?"

"टीव्ही आहे हो."

टीव्ही त्यांच्या घरात आवाज बंद करून बघायचा असतो, याची आठवण त्यांनी तिला करून दिली आणि फोन ठेवला. बायको एकटी पडलीय, तिला शिस्त उरली नाही, या काळजीनं त्यांचं कामात लक्ष लागेना. महिना पुरा व्हायच्या आतच ते परत निघाले. निरोप देताना घरमालकांचा चेहराही फुलला होता. भली माणसं लवकर जीव लावतात, असं त्यांना वाटलं.

घरी पोचले तर दारावर पाटीच नव्हती. त्यांनी सहज बेलवर बोट ठेवलं आणि बेल वाजली, चांगली खणखणीत. ते दचकले. आत कुणीतरी मोकळ्या आवाजात गात होतं, ते थांबलं. आवाज त्यांना ओळखता आला नाही.

दार मेव्हणीनं उघडलं. आत काकू मिक्सरवर हात ठेवून उभ्या होत्या. बायको अनवाणी पायांनी खोलीच्या मधोमध होती, तोंडावरचं हसू तसंच राहिलेलं. गात होती ती तीच.

मुद्रितशोधक खुर्चीत टेकले. "ठरलं," ते म्हणाले. "कुठंही जायचं नाही. अगदी बारकाईनं पाहिलं मी. आपल्याला हेच शहर बरं."

काकूंनी चपला हातात घेतल्या आणि त्या चवड्यांवर चालत बाहेर पडल्या. बायकोनं कोपऱ्यातल्या मोज्यांकडे पाहिलं. पाहतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं बोटानं निपटून टाकलं.

"बघ, आपल्या घरात कसं शांत वाटतं," ते समाधानानं म्हणाले आणि बॅगेची चेन उघडायला वाकले.

"बॅग राहू द्या," बायको म्हणाली. "मला लागणार आहे."

"तुला? कुठं निघालीस?"

"त्या डोंगराच्या शहरात. तुम्ही इकडे आलात ना, म्हणजे आता ते राहण्यासारखं झालं असेल."