काविळीचं पथ्य

माझी धाकटी बहीण भूमेश्वरी आयसीयूत बेशुद्ध होती. काविळीनं लिव्हर पार खाल्लं होतं, पोटात काही टिकत नव्हतं, म्हणून मानेजवळच्या शिरेतून तिला जेवण देणं चाललं होतं. वर दुधासारखी पांढरी पिशवी लटकत होती. तिची सासू रामकलीबाई कामठ्याहून भेटायला आली. आल्याआल्या पिशवीकडे बोट करून तिनं नर्सला विचारलं, "याच्यात का आहे?"

"साखर, प्रोटीन आणि तेल. अंगात काही उरलंच नाही हिच्या."

"तेल?" सासू ओरडलीच. "काविळीच्या बाईले तेल? मी घरी तेलाचा थेंब नाही पाहू देला तिले. नुसत्या फुटाण्यावर ठेवलं, एवढं पथ्य सांभाळलं. आन् तुमी कायले तिच्या रगतात तेल सोडून राहिले? काढा ते!"

नर्सची वाट न बघता तिनं स्वतःच नळीला हात घातला. मी तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

"मावशी, तुमच्या धाकट्या पोराच्या, दुर्गेशच्या लग्नात साऱ्या मांडवाचे वडे कोणी तळले?"

"मोठी सून आहे घरची. तिनंच तळले. त्याच्यात का झालं?"

"तेव्हाच तिचे डोळे पिवळे झाले होते. तुमी तिले दिवसभर कढईपुढे बसवलं, आन् पंगतीत तिच्या ताटात फुटाणे टाकले. तेल तुमाले आज दिसलं?"